पार्डनरमध्ये पहिला हँड टाकण्याआधी

ब्रिटनमध्ये नर्स, केअर वर्कर किंवा कौन्सिलच्या कचेरीत कारकून म्हणून रुजू झालेल्या मराठी बाईला कधी ना कधी एखादी जमैकन सहकारी चहाच्या सुट्टीत विचारते, ‘आमचं पार्डनर जानेवारीत सुरू होतंय, तुला एक हँड हवाय का?’ यावर आपल्याकडची उत्तरं दोन तऱ्हेची असतात. एक म्हणजे ‘अय्या, ही तर भिशी!’ म्हणून लगेच होकार. दुसरं म्हणजे ‘कोण कुठली माणसं, पैसे घेऊन पसार झाली तर?’ असं मनात म्हणत गोड हसून नकार. दोन्ही उत्तरं घाईची. होकार देणारीला हिशेब कळलेला असतो, पण त्यामागच्या बायका कळलेल्या नसतात. नकार देणारीला हिशेबही कळलेला नसतो.

पार्डनरमध्ये पुरुषही असतात. चालवणाऱ्या मात्र बहुतेक बायकाच, कॅरिबियन किंवा आफ्रिकी वंशाच्या, बऱ्याचदा आपल्या आईच्या नाहीतर आजीच्या वयाच्या. कोणाला घर घ्यायचंय, कोणाचा नवरा आजारी आहे, कोणाच्या मुलीला शाळेतून काढलंय, कोणता दाक्तर नीट ऐकून घेतो, ही सगळी माहिती पैशांबरोबरच त्यांच्या हातातून फिरते. त्या जाळ्यात बाहेरून येणाऱ्या बाईने कसं यावं, याबद्दल हे लिहिते आहे.

आधी हिशेब

समजा वीस जणी आहेत आणि आठवड्याचा हप्ता ५० पौंड. दर आठवड्याला १,००० पौंड जमतात आणि ते सगळे एकीला मिळतात. पुढच्या आठवड्यात दुसरीला. वीस आठवड्यांत सगळ्यांचा नंबर लागून फेरी पूर्ण होते. प्रत्येकीने हजार टाकले, प्रत्येकीला हजार मिळाले. हप्त्याला म्हणायचं ‘हँड’, तो भरण्याला ‘हँड टाकणं’, एकरकमी मिळणाऱ्या पैशाला ‘ड्रॉ’ आणि सगळ्यांचे पैसे गोळा करून ज्याला त्याला पोचवणाऱ्या बाईला ‘बँकर’.

व्यापाऱ्यांच्या बोलीच्या भिशीची सवय असणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी: इथे बोली नसते. थोडा तोटा सोसून भिशी आधी उचलायची आणि तो तोटा बाकीच्यांनी वाटून घ्यायचा, हा प्रकार नाही. बचत गटासारखी साठलेली गंगाजळीही नाही. पैसे आले की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुढे जातात, मागे काही उरत नाही. पहिला नंबर लागलेलीला एक प्रकारे बिनव्याजी कर्ज मिळतं. शेवटचा नंबर लागलेलीला काहीच जास्त मिळत नाही, फक्त पैसे हातून खर्च झाले नाहीत एवढंच. तरी शेवटचा नंबर मागून घेणाऱ्या बायका असतात, कारण त्यांना नाताळची खरेदी नाहीतर जमैकातल्या किंग्स्टनची विमानाची तिकिटं त्याच सुमारास करायची असतात.

नावं देशागणिक बदलतात. जमैकन बाई पार्डनर म्हणेल, त्रिनिदादची सूसू, गयानाची बॉक्स हँड, बार्बाडोसची मीटिंग टर्न. योरुबा नायजेरियन बाई एसुसु किंवा अजो म्हणेल, झिंबाब्वेची मुकांडो, सोमाली हगबद, इथिओपियन इकुब, दक्षिण आफ्रिकेची स्टॉकव्हेल. नाव ऐकून नियम गृहीत धरू नका. घानात सुसु गोळा करणारा माणूस रोज दुकानोदुकानी फिरतो, महिनाअखेरीला तुमचीच रक्कम तुम्हाला परत देतो आणि एक दिवसाचा हप्ता मेहनताना म्हणून ठेवून घेतो. ही वेगळी गोष्ट झाली, तिथे नंबर लागण्याचा प्रश्नच नसतो.

या बायकांनी हे का जपलं

हे वगळून पुढे गेलात तरी पार्डनर चालेल, पण मग बँकर बाई इतकी कडक का वागते हे कधी समजणार नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचा एसुसु गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर गेला. ज्यांना स्वतःच्या देहावर हक्क नव्हता, त्यांनी आपसातला पैशाचा व्यवहार टिकवला. जून १९४८ मध्ये कॅरिबियन प्रवाशांना घेऊन ‘एम्पायर विंड्रश’ जहाज लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागलं. त्यानंतरच्या वर्षांत जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोसहून माणसं इथल्या बसगाड्या, रेल्वे आणि त्याच वर्षी जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत कामाला आली. काम होतं, राहायला जागा नव्हती. खोली भाड्याने देण्याच्या पाट्यांवर ‘रंगीत लोक नकोत’ असं उघड लिहिलेलं असे. बँका आणि गृहकर्ज संस्था त्यांना दारात उभं करत नसत. मिळालीच खोली तर एका खोलीत चार जण आणि भाडं दुप्पट.

तेव्हा घराच्या पहिल्या रकमेसाठी पार्डनर कामी आलं. लंडनचं ब्रिक्स्टन आणि नॉटिंग हिल, बर्मिंगहॅमचं हँड्सवर्थ, मँचेस्टरचं मॉस साइड, ब्रिस्टलचं सेंट पॉल्स इथली कित्येक घरं अशा ड्रॉच्या पैशांवर घेतली गेली. वर्णभेदाविरुद्धचा ब्रिटनचा पहिला कायदा १९६५ चा, पण त्यात घरांचा समावेश नव्हता. घरं आणि नोकऱ्या कायद्याच्या कक्षेत यायला १९६८ उजाडलं. म्हणजे विंड्रश आल्यापासून तब्बल वीस वर्षं भाड्याची खोली नाकारणं कायदेशीर होतं, आणि ती वीस वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावरच्या पार्डनरच्या वहीने काढली. १९६४ मध्ये लंडनच्या हॉर्न्सी भागात कॅरिबियन मंडळींनी पतसंस्थाही काढली. ब्रिटनमधल्या अगदी सुरुवातीच्या पतसंस्थांपैकी ती एक.

पुढे याच मोहल्ल्यांत बायकांच्या संघटना उभ्या राहिल्या. १९७३ मध्ये ब्रिक्स्टन ब्लॅक विमेन्स ग्रुप सुरू झाला. तो उभा करणाऱ्यांत ऑलिव्ह मॉरिस होती. जमैकात जन्मलेली ही मुलगी सत्ताविसाव्या वर्षी, १९७९ मध्ये गेली. १९७८ मध्ये आफ्रिकी आणि आशियाई वंशाच्या स्त्रियांची देशव्यापी संघटना निघाली. तिचं आद्याक्षरी नाव ‘ओवाड’. आशियाई हा शब्द तिथे शोभेला नव्हता. १९७९ च्या सुरुवातीला बातमी फुटली की लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य चाचणी केली गेली. त्याविरुद्ध हीथ्रोवर जाऊन ठिय्या देणाऱ्यांत ओवाडच्या कृष्णवर्णीय बायका होत्या. त्याच वर्षी पश्चिम लंडनमध्ये ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ स्थापन झाली. नावात ब्लॅक, आणि काम करणाऱ्या आशियाई व आफ्रिकी-कॅरिबियन बायका. घरात मार खाणाऱ्या, व्हिसा नवऱ्यावर अवलंबून असलेल्या कितीतरी भारतीय बायकांना पुढच्या काळात या संस्थेने हात दिला. मराठी घरांतून हा इतिहास क्वचितच सांगितला जातो. आपण इथे येऊन ‘ते लोक’ म्हणतो, तेव्हा त्यांनी आपल्यासाठी काय केलंय याचा आपल्याला पत्ताच नसतो.

पहिली पायरी: आमंत्रण कशाचं आहे ते ओळखा

कृष्णवर्णीय बायकांची सगळीच वर्तुळं आपल्यासाठी खुली नसतात, आणि असावीत असंही नाही. बाळंतपणाचं उदाहरण घ्या. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय अहवालानुसार २०२०–२२ या काळात कृष्णवर्णीय स्त्रियांमधलं प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या जवळजवळ तिप्पट होतं. याच प्रश्नावर दोन कृष्णवर्णीय आयांनी २०१९ मध्ये ‘फाइव्ह एक्स मोअर’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा हाच आकडा पाचपट सांगितला जात होता. अशा गटात त्या एकमेकींशी जे बोलतात ते आपल्या उपस्थितीत बोलता येईलच असं नाही. (आशियाई स्त्रियांचं प्रमाणही गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्तच आहे. आपण त्यावर आपसात काय करतो, हा प्रश्न जरूर विचारावा, पण आपल्या मंडळात.)

कामाच्या ठिकाणचं पार्डनर वेगळं. त्यात जमैकन, घानाची, फिलिपिनो, मल्याळी अशा सगळ्या असू शकतात. चर्चचं किंवा एकाच गावाकडच्या लोकांचं पार्डनर मात्र घरगुती असतं. आपणहून ‘मलाही घ्या ना’ म्हणू नका. बोलावणं आलं तर कोणी बोलावलं ते लक्षात ठेवा, कारण त्या बाईने तुमच्यासाठी शब्द टाकलेला असतो. तुम्ही चुकलात तर बोट तिच्याकडे दाखवलं जाईल.

दुसरी पायरी: जीभ

हे लिहायला अवघड आहे, पण लिहायलाच हवं. आपल्या घरांत, फोनवर आईशी बोलताना, कृष्णवर्णीय माणसांबद्दल जे शब्द सर्रास वापरले जातात ते वापरणं आधी बंद करा. ‘मराठीत बोलले, त्यांना कुठे कळतंय’ हा भ्रम आहे. सूर कळतो. ‘काली’, ‘काला’ हे शब्द कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना पक्के ठाऊक असतात, कारण हिंदी बोलणाऱ्यांकडून ते वर्षानुवर्षं ऐकलेले असतात. गोरेपणाची क्रीम, ‘ऊन लागून काळी पडलीस’, केसांना हात लावून ‘किती वेगळे गं’ म्हणणं, यातलं काहीही विनोद म्हणून चालत नाही. केसांना तर अजिबात हात लावायचा नाही.

हाक कशी मारायची? वडीलधाऱ्या जमैकन बाईला नुसत्या नावाने हाक मारणं उद्धटपणाचं. ‘मिस’ लावून पहिलं नाव घ्यायचं, तिचं लग्न झालेलं असो वा नसो. नायजेरियन आणि घानाच्या बायकांना ‘आंटी’ चालतं, आणि सकाळी भेटल्यावर आधी नमस्कार-चमत्कार, मग काम. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात म्हणून पार्डनरमध्येही तेच करायला गेलात, तर कोणी काही म्हणणार नाही, पण नोंद घेतली जाईल.

तिसरी पायरी: बँकरची चौकशी

पार्डनर बँकरवर उभं असतं. तिच्याकडे कागदपत्रं मागू नका, तिच्याबद्दल माणसांना विचारा. किती वर्षं चालवतेय? कोणाचा ड्रॉ उशिरा मिळाला का? एखादीने मध्येच भरणं सोडलं तेव्हा तिने काय केलं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं. चांगली बँकर अशा वेळी स्वतःच्या खिशातून हप्ता भरते, ड्रॉ वेळेवर देते आणि मग त्या बाईच्या मागे लागते. बरीच वर्षं चालवणाऱ्या बायका सहसा हेच करतात. त्यांची अब्रू हेच तारण.

लेखी मागणी केल्यावर काही बँकर नाराज होतात, त्यामागेही कारण आहे. कॅनडातल्या संशोधक कॅरोलिन शेनाझ हुसेन यांनी टोरांटोतल्या कृष्णवर्णीय बँकर बायकांचा बरीच वर्षं अभ्यास केला आहे. त्या बायका हे काम गुपचूप करतात, कारण रोख पैसे बाळगणारी कृष्णवर्णीय बाई म्हटलं की बाहेरचे लोक आधी संशय घेतात. म्हणून पहिल्याच भेटीत वही-पेन काढून उलटतपासणी करू नका. पण पैसे टाकण्याआधी पुढच्या गोष्टी तोंडी विचारून घ्या आणि घरी जाऊन लिहून ठेवा:

- हँड किती, दर आठवड्याला की महिन्याला, आणि कोणत्या वारी?
- एकूण हँड किती? (माणसं किती, असं विचारू नका. एखादीचे दोन हँड असू शकतात.)
- नंबर कसे ठरतात: चिठ्ठ्या टाकून, गरज बघून, की बँकरच्या मर्जीने?
- बँकरला काही द्यायची पद्धत आहे का? बऱ्याच ठिकाणी ड्रॉ घेणारी बाई खुशीने काही रक्कम तिच्या हातावर ठेवते. ठरलेला आकडा नसेल तर जुन्या सभासदाला हळूच विचारा.
- सभासद आजारी पडली, देश सोडून गेली किंवा वारली तर तिने भरलेल्या पैशांचं काय?

या प्रश्नांना बँकर चिडली तर तिथे जाऊ नका. कडक असणं वेगळं, टाळाटाळ करणं वेगळं.

चौथी पायरी: अर्धा हँड आणि शेवटचा नंबर

नव्या बाईला बहुतेक वेळा शेवटचे नंबर मिळतात. यात अपमान नाही. आधी ड्रॉ घेऊन मग गायब होणारी सभासद हेच पार्डनरचं सगळ्यात मोठं भय असल्यामुळे ओळख नसलेल्या माणसाला मागे ठेवतात. तुम्हीच आपणहून म्हणा, ‘मला शेवटी ठेवा.’ एवढ्या एका वाक्याने निम्मं काम होतं.

अर्धा हँड मिळत असेल तर तो घ्या. दोघी मिळून एक हँड टाकायचा आणि ड्रॉ निम्मा-निम्मा करायचा. मात्र जोडीदार कोण हे नीट बघा, तिचा हप्ता चुकला की पूर्ण हँड अडकतो. रक्कम ठरवताना पगाराकडे बघू नका. भाडं, वीज, गावी पाठवायचे पैसे आणि बसचा पास वजा जाऊन उरतं त्याकडे बघा. केअर होममध्ये शिफ्टचे तास कमी-जास्त होतात, तेव्हा वाईटातल्या वाईट महिन्यात जे झेपेल तेच धरा.

पाचवी पायरी: भरणं

शुक्रवार ठरला असेल तर गुरुवारी रात्री पैसे गेलेले असावेत. पूर्वी सगळं रोखीत चाले, आता बरेच जण बँकेतून पाठवतात. पाठवताना तपशिलात महिना आणि आपलं नाव लिहा, ‘लोन’ किंवा ‘गिफ्ट’ असलं काही लिहू नका. रोख देत असाल तर दिल्या दिल्या बँकरला एक निरोप टाका, ‘आजचे ५० दिले, धन्यवाद.’ तिने नुसता अंगठा दाखवला तरी पुरे. पुढे कधी वाद झालाच तर हेच निरोप पुरावा ठरतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचे दावे लघुवाद न्यायालयात नेता येतात. मात्र कोर्टात गेलेल्या बाईला पुढच्या फेरीत कोणी बोलावत नाही, हेही खरं.

अडचण आली तर आधी सांगा. ‘पुढच्या आठवड्यात कठीण आहे’ हे सोमवारी सांगितलं तर बँकर काहीतरी जुळवते, एखादी सभासद तुमच्या जागी भरते. शुक्रवारी रात्री फोन बंद ठेवला तर तुमचं नाव त्या वर्तुळातून कायमचं गेलं. नंबर बदलून घेण्याचीही सोय असते. कोणाच्या घरी मयत झालं, कोणाची गाडी बंद पडली, की ती बँकरला विचारते आणि बँकर कोणाला तरी मागे सरकायला सांगते. तुम्हाला असं विचारलं गेलं आणि खरोखरच घाई नसेल, तर हो म्हणा. पुढे तुमच्यावर वेळ आली की ते आठवलं जातं.

सहावी पायरी: ड्रॉ हातात आल्यावर

यात व्याज नाही, मिळालेले पैसे तुमचेच असतात, त्यामुळे आयकराचा प्रश्न सहसा येत नाही. पण दोन ठिकाणी सांभाळा. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असणाऱ्यांना मिळणारा सरकारी भत्ता) मिळत असेल तर बचत ६,००० पौंडांच्या वर गेली की ते कमी होऊ लागतं आणि १६,००० च्या वर गेली की बंद होतं. खात्यात पडलेला ड्रॉ बचतीतच धरला जातो. दुसरं, नवऱ्याला किंवा बायकोला बचतीच्या आधारावर व्हिसावर आणायचं असेल तर ती रक्कम सहा महिने खात्यात असावी लागते. अर्जाच्या आदल्या महिन्यात आलेला ड्रॉ त्या कामाला येत नाही. तेव्हा असा विचार असेल तर नंबर ठरतानाच बँकरला सांगा. आणि बँकेने मोठ्या रकमेबद्दल विचारलं तर खरं काय ते सांगा. पार्डनर ही लपवण्यासारखी गोष्ट नाही.

एक मात्र नीट समजून घ्या: बँकेतल्या ठेवीला जशी सरकारी हमी असते तशी इथे नाही. बुडाले तर बुडाले. म्हणून आणीबाणीसाठी ठेवलेले पैसे, मुलांच्या फीचे पैसे यात टाकू नका.

ड्रॉ घेतल्यानंतरचे हप्ते हीच खरी परीक्षा. पाचव्या आठवड्याला हजार पौंड मिळाले की उरलेले पंधरा हप्ते जड वाटू लागतात. त्यासाठी ड्रॉ आला त्याच दिवशी बँकेत उरलेल्या हप्त्यांची स्थायी सूचना (स्टँडिंग ऑर्डर) लावून टाका.

सूसूच्या नावाखालची फसवणूक

खऱ्या पार्डनरची खूण एकच: जेवढे टाकले तेवढेच मिळतात. त्याहून एक पौंडही जास्त देण्याचं कोणी म्हणालं की उठून चालू लागा.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि अर्कान्सॉ राज्याने ‘ब्लेसिंग्ज इन नो टाइम’ नावाच्या योजनेविरुद्ध खटला भरला. कोविडच्या काळात कृष्णवर्णीय कुटुंबांना लक्ष्य करून १,४०० डॉलर भरा आणि ११,२०० मिळवा असं त्यात सांगितलं जात होतं. आकडे जरा बघा: १,४०० गुणिले ८ म्हणजे ११,२००. तुम्हाला मिळणारे पैसे म्हणजे तुमच्यानंतर आलेल्या आठ जणांचे. त्या आठांना चौसष्ट लागणार, चौसष्टांना पाचशे बारा. कुठेतरी माणसं संपतात आणि शेवटचे सगळे बुडतात. त्रिनिदादमध्येही २०२० मध्ये सूसूच्या नावाने अशीच एक मोठी उलाढाल उघडकीस आली. ला ओर्केटा भागातल्या एका घरातून पोलिसांनी सुमारे २ कोटी २० लाख त्रिनिदाद डॉलर रोख उचलले, आणि मग ते कोणाचे यावरून देशभर गदारोळ झाला.

अशा योजनांत ‘नवीन दोघींना आण’ असा तगादा असतो. खऱ्या पार्डनरमध्ये फेरी सुरू झाल्यावर नवीन माणूस घेतच नाहीत, घेतला तर सगळा हिशेब बिघडेल. आणखी एक गोष्ट: खऱ्या बँकरला तुम्ही ओळखता, तिचं घर ठाऊक असतं, तिची मुलगी कोणत्या शाळेत जाते हे माहीत असतं. फक्त फोनवरच्या गटात भेटलेली ‘ॲडमिन’ म्हणजे बँकर नव्हे. फसवणाऱ्यांनी सूसू हेच नाव उचललं यात नवल नाही. त्या नावावर आज्यांच्या काळापासूनचा भरवसा साठलेला आहे.

पैशाच्या पलीकडे

पार्डनरच्या सभासदाकडून फक्त हप्त्याची अपेक्षा नसते. एखादीच्या घरी मृत्यू झाला की जमैकन कुटुंबांत नाइन नाइट होते. नवव्या रात्री नातेवाईक, शेजारी, कामावरचे लोक घरी जमतात. भजनं म्हटली जातात, तळलेली मासळी आणि हार्ड डो ब्रेड असतो, डॉमिनोचा डाव पडतो, व्हाइट रम असते, लोक मोठ्याने हसतातही. आपल्या दहाव्याची सवय असणाऱ्यांना हे बघून बावचळायला होतं. बावचळू नका. काहीतरी खायचं घेऊन जा, दारात घरच्यांना भेटा, तासभर बसा. शाकाहारी असाल तर आधी सांगायची गरज नाही, भाकरतुकडा मिळतोच. दुसऱ्या दिवशी वॉर्डात तुमच्याकडे बघण्याची नजर वेगळी असते.

त्याचप्रमाणे कोणी विचारलेलं काम अंगावर घ्या. फॉर्म भरून देणं, मुलाला गणित शिकवणं, दवाखान्यात सोबत जाणं. या बायकांकडून तुम्हालाही असंच मिळतं. कोणता घरमालक ओल लपवून खोली देतो, कोणत्या एजन्सीकडे पगार थकतो, वरिष्ठाने अपमान केला तर युनियनच्या कोणाला गाठायचं, हे त्यांना तीस-तीस वर्षांपासून ठाऊक आहे. आपल्या महाराष्ट्र मंडळात पाडव्याची श्रीखंड-पुरी उत्तम मिळते, पण ओल्या भिंतीवर कोणाकडे तक्रार करायची हे विचारलं तर लोक जरा विषय बदलतात.

आपल्याच बायकांचं वेगळं पार्डनर काढावं असं पहिली फेरी संपल्या संपल्या वाटू लागतं. काढा, पण त्याला भिशीच म्हणा, आणि दुसऱ्यांच्या बँकरकडे असलेली माणसं फोडून नेऊ नका.

दुसरी फेरी

बरीच पार्डनर नाताळाच्या आधी आटपतील अशी आखलेली असतात आणि जानेवारीत नव्याने सुरू होतात. फेरी संपताना बँकर पुन्हा विचारेल. विचारलं नाही तर कारण उकरू नका, तुम्हाला बोलावून नेणाऱ्या मैत्रिणीला एकदा एकटीत विचारा आणि सोडून द्या. विचारलं, तर या वेळी तुम्हाला मधला नंबर मिळू शकेल, पूर्ण हँडही मिळू शकेल. कधी कधी ‘तुझी कोणी मैत्रीण आहे का?’ असंही विचारतात. इथे जपून. जिचं नाव तुम्ही घ्याल तिचा हप्ता चुकला तर बँकर तुमच्याकडे येईल, आणि तो तुम्ही भरायचा, त्याच शुक्रवारी. तेवढे पैसे बाजूला काढून ठेवता येत असतील तरच नाव सांगा.